सेंट थॉमस कॅथेड्रल, फोर्ट : पायाभरणी १६७६ ची आणि उद्घाटन १७१८ चे, मग मधली बेचाळीस वर्षे कोठे गेली?

पायपीट यांचा प्रश्न

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी डोंबिवलीहून फोर्टमध्ये नोकरीसाठी येतो आणि सीएसएमटीवर उतरून कचेरीकडे चालत जाताना हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलवरून रोज जातो. उशीर झाला आहे की नाही, एवढे त्या मनोऱ्यावरील घड्याळाकडे पाहून ठरवायचे, यापलीकडे त्या वास्तूशी माझा इतक्या वर्षांत संबंध आला नव्हता. गेल्या महिन्यात भाच्याच्या शाळेने ‘आपल्या शहरातील एक जुनी इमारत’ हा प्रकल्प दिला, आणि मामा फोर्टात असतो म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. त्यानिमित्ताने आम्ही दोघे प्रथमच आत गेलो, भिंतींवरील संगमरवरी स्मारके पाहिली आणि बाहेर येताना पूर्वीपेक्षा अधिक गोंधळून आलो.

पहिला गोंधळ वर्षाचा आहे. एका पुस्तिकेत हे चर्च १६७६ चे म्हटले आहे, दुसरीत १७१८ चे, तर तिसऱ्या ठिकाणी १८३७ हे वर्ष दिले आहे. यांतील खरे कोणते, आणि पायाभरणी खरोखरच १६७६ मध्ये झाली असेल तर त्यानंतर चार दशके काम का रखडले? दुसरी शंका चर्चगेटची आहे. स्थानकाचे नाव याच चर्चवरून पडले असे सांगतात, परंतु स्थानक येथून चांगले किलोमीटरभर दूर आहे; मग दार इतक्या लांब कसे? तिसरी शंका भाच्याची आहे आणि ती मला सर्वांत अवघड वाटली. त्याने विचारले की, हे चर्च बांधले जात होते तेव्हा समोर आपली माणसे कोण होती आणि ती काय करत होती? या विषयाची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुने_कागद यांचे उत्तर

आपण दिलेली तिन्ही वर्षे बरोबर आहेत. उलट एक राहून गेले आहे, ते म्हणजे १८१६. पाया १६७६ मध्ये घातला गेला, इमारत उपासनेसाठी १७१८ च्या नाताळच्या दिवशी उघडली, बिशपच्या हस्ते तिचा विधिपूर्वक अभिषेक होऊन तिला सेंट थॉमस हे नाव १८१६ मध्ये मिळाले, आणि १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होऊन टॉमस कार हे पहिले बिशप झाले तेव्हा हे चर्च त्यांचे आसन म्हणून कॅथेड्रल ठरले. म्हणजे उघडल्यानंतर सुमारे अठ्ठ्याण्णव वर्षे ते नुसतेच ‘बॉम्बे चर्च’ होते. ‘१७१८ साली सेंट थॉमस कॅथेड्रल बांधले’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते, पण त्या वर्षी ते ना सेंट थॉमस होते, ना कॅथेड्रल.

आता बेचाळीस वर्षांविषयी. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारातून पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. १६६९ ते १६७७ या काळात सुरतेचा आणि मुंबईचा कारभार पाहणारा जेराल्ड ऑन्जियर हा या चर्चचा मूळ पुरस्कर्ता होय. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेनला वकील म्हणून रायगडावर पाठवणारा तो हाच ऑन्जियर. त्या वेळी मुंबईतील इंग्रज किल्ल्यातील एका दालनात प्रार्थना करीत असत. शहर वसवायचे तर त्याला स्वतंत्र प्रार्थनामंदिर हवे, असा त्याचा विचार होता. त्याने १६७५ मध्ये मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला दिलेला चांदीचा प्याला या चर्चच्या ठेव्यात जपलेला आहे. परंतु पाया घातल्यानंतर पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, ऑन्जियर सुरतेस वारला आणि कामाचा वाली गेला.

भिंती साधारण पंधरा फूट उंचीपर्यंत चढल्या आणि तेथेच थांबल्या. पुढच्या काळात मुंबईवर एकामागून एक अरिष्टे आली. १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट जवळजवळ वर्षभर ताब्यात ठेवले. त्यानंतर सर जॉन चाइल्डने मोगलांशी युद्ध ओढवून घेतले आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीकडून उतरून माझगाव घेऊन थेट किल्ल्याला भिडला. त्याचा वेढा १६९० च्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत उठला नाही. याशिवाय रोगराई होतीच. मुंबईत इंग्रजाचे आयुष्य म्हणजे दोन पावसाळे, अशी म्हणच त्या काळी पडली होती. अशा वस्तीत चर्च बांधायला हातही शिल्लक नव्हते आणि उत्साहही.

पैशांची गोष्ट मात्र वेगळी आहे. चर्चसाठी जमलेली पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम चाइल्डने स्वतःच्या घशात घातली, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन खलाशी व्यापाऱ्याने केला आहे आणि तो आजतागायत जशाच्या तसा उतरवला जातो. हॅमिल्टन स्वतंत्र व्यापार करणारा, कंपनीच्या मक्तेदारीवर राग असलेला माणूस होता आणि चाइल्डविषयी त्याने फारसे चांगले कधी लिहिलेच नाही, एवढे ध्यानात ठेवून हा आरोप वाचावा, असे माझे मत आहे. त्यातला विनोद मात्र सोडवत नाही. ज्या सेंट थॉमसचे नाव पुढे या वास्तूला मिळाले, त्याची जुनी आख्यायिका अशी की, राजा गोंडोफर्नीस याने महाल बांधण्यासाठी दिलेला पैसा त्याने गोरगरिबांत वाटून टाकला आणि तुझा महाल स्वर्गात तयार आहे, असे राजाला सांगितले. बांधकामाचा पैसा बांधकामावर न लागण्याची परंपरा या नावाला आधीपासून आहे, इतकेच. खर्चाचे मार्ग तेवढे भिन्न होते.

अर्धवट भिंती तशाच उभ्या असताना १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण धर्मोपदेशक मुंबईत आला. त्याने १७१५ मध्ये गव्हर्नर एस्लाबी समोर बसलेला असताना चर्चच्या बांधकामावर खणखणीत प्रवचन केले. प्रवचनानंतर गव्हर्नरने, चर्च हवेच असेल तर होऊन जाऊ द्या, वर्गणीची वही करा आणि पहिला आकडा माझा घाला, अशा अर्थाचे उत्तर दिले, असे कॉबने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी काम पुन्हा सुरू झाले, एस्लाबी जाऊन चार्ल्स बून गव्हर्नर झाला आणि तीन वर्षांत चर्च पूर्ण झाले. जे चाळीस वर्षांत झाले नाही ते एका वर्गणीच्या वहीने तीन वर्षांत झाले. याला एक कारण असेही होते की, बूनच्या काळात शहराभोवतीचा तटही उभा राहिला आणि त्या तटाच्या आत कंपनीला प्रथमच काहीशी स्थिरता लाभली.

याच तटात आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. तटाला तीन मुख्य दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझारगेट आणि पश्चिमेला चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चर्च गेट. हे तिसरे दार आजच्या हुतात्मा चौकात, फ्लोरा फाउंटन आहे त्याच्या आसपास होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, दार गेले आणि १८६४ मध्ये तेथे कारंजे उभे राहिले. पुढे १८७० मध्ये बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे स्थानक त्याच रस्त्याच्या समुद्राकडील टोकाला झाले आणि पाडलेल्या दाराचे नाव त्याला मिळाले. तेव्हा चर्च, दार आणि स्थानक या तीन गोष्टी एका सरळ रस्त्यावर आहेत. पूर्वीची चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आजचा वीर नरिमन मार्ग. भाच्याला चर्चपासून स्थानकापर्यंत एकदा चालत न्या. नकाशापेक्षा लवकर समजेल.

चुनाविटा यांचे उत्तर

वरील उत्तरात इतिहास उत्तम आला आहे. मी व्यवसायाने जतनवास्तुविद असल्यामुळे केवळ इमारतीपुरते लिहितो, कारण ही वास्तू एका काळाची नाही आणि ते उघड्या डोळ्यांना दिसते.

आपण पश्चिमेकडून आत शिरता तेव्हा प्रथम मनोऱ्याखालून जाता. हा मनोरा १७१८ चा नाही. चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाल्यावर पूर्वीच्या ठेंगण्या घंटाघराच्या जागी तो १८३८ मध्ये उभारण्यात आला. आतील मधले लांब दालन, दोन्ही बाजूंचे जाड स्तंभ आणि त्यांच्या पलीकडची अरुंद दालने हा भाग मात्र कॉबच्या चर्चचा गाभा आहे. याचे छत तोफगोळ्यालाही दाद देणार नाही इतके भक्कम केल्याचे वर्णन आढळते. आज ते वाचून हसू येईल, परंतु सिद्दीचा वेढा पाहिलेली माणसे अद्याप हयात होती आणि किल्ला हाकेच्या अंतरावर होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रार्थनेच्या जागेवर तटबंदीसारखे छत का घातले असेल ते कळते. अडचणीच्या वेळी वस्तीने आसऱ्याला यावे अशी ही इमारत आहे. तिच्या भिंतींची जाडी खिडक्यांच्या खोलीवरून मोजून पाहा.

वेदीकडील पूर्वेचा भाग पुन्हा तिसऱ्याच काळातला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैशाला तोटा नव्हता. त्या भरात हे संपूर्ण चर्च गॉथिक धर्तीवर नव्याने बांधावे, अशी मोठी योजना निघाली. वेदीचा भाग उंच, टोकदार कमानींचा आणि रंगीत काचांचा असा नवा झाला. तेवढ्यात १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला आणि पुढचे काम राहिले ते राहिलेच. त्यामुळे मधल्या दालनात उभे राहून पूर्वेकडे पाहिले की, साध्या, ठसठशीत, पांढऱ्या चर्चच्या टोकाला एक नाजूक गॉथिक दालन जोडल्यासारखे दिसते. काही जाणकारांना ही विसंगती खटकते. मला स्वतःला ती आवडते, कारण तेजीचा आणि मंदीचा ताळेबंद दगडात इतका स्पष्ट वाचायला क्वचित मिळतो. योजना पूर्ण झाली असती, तर कॉबचे चर्च आज शिल्लकच नसते.

बाहेरच्या आवारातील नक्षीदार कारंज्याकडेही थोडे थांबून पाहावे. त्याचा आराखडा लंडनचे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा असून त्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने केला. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृहही याच दोघांचे, एकाचा आराखडा आणि दुसऱ्याची देणगी. स्कॉट स्वतः मुंबईला कधी आले नाहीत. अँग्लिकन चर्चच्या दारात पारशी दात्याचे कारंजे ही गोष्ट त्या काळच्या फोर्टात कोणाला विशेष वाटली नसावी.

जुन्या चुन्याच्या बांधकामाविषयी एक सांगणे आवश्यक आहे. अशा भिंती चुन्यात बांधलेल्या आणि चुन्यानेच लिंपलेल्या असतात. पावसाळ्यात त्या ओल घेतात आणि नंतर ती हवेत सोडतात. विसाव्या शतकात सर्वत्र सोय म्हणून सिमेंटचा गिलावा मारण्याची पद्धत पडली. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती आतच कोंडते, क्षार वर येतात आणि काही वर्षांनी गिलाव्यासह मूळ दगडाचा पापुद्राही सुटतो. मी एका जुन्या इमारतीवर काम करताना असा सिमेंटचा थर काढायला आम्हांला जितके दिवस लागले, तितक्या दिवसांत नवे घर उभे राहिले असते. सेंट थॉमसच्या जतनाचे काम वास्तुविद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली झाले आणि त्याला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. प्रकल्पात हे वर्षही अवश्य घ्यावे. इमारत उभी करणाऱ्यांची नावे सगळेच लिहितात, ती टिकवणाऱ्यांचे नाव लिहायला कोणाला आठवत नाही.

पायपीट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चार तारखांचा उलगडा झाला आणि चर्चगेटचाही. आम्ही मनोरा व दालन एकाच काळाचे समजून चित्र काढले होते, ते आता तीन रंगांत पुन्हा काढावे लागणार, म्हणून भाचा माझ्यावर रुसला आहे. परंतु त्याचा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. १७१८ मध्ये चर्चचे दार उघडले तेव्हा दाराबाहेर कोण होते?

वाळकेश्वरकर यांचे उत्तर

भाच्याला माझे विशेष अभिवादन सांगावे, कारण या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येते. दाराबाहेर रामा कामती होता.

रामा कामती, ज्याला काही कागदांत रामाजी म्हटले आहे, हा मुंबईतील शेणवी समाजातील अत्यंत श्रीमंत आणि वजनदार गृहस्थ. कंपनीच्या शिपायांच्या तुकड्या उभ्या करण्यात आणि त्यांच्या मोहिमांत त्याचा हात होता. पोर्तुगिजांच्या काळात उद्ध्वस्त झालेले वाळकेश्वराचे देऊळ त्याने १७१५ मध्ये पुन्हा बांधले. हे वर्ष मुद्दाम ध्यानात घ्यावे. फोर्टात कॉब वर्गणीची वही घेऊन फिरत होता, त्याच वर्षी बेटाच्या दुसऱ्या टोकाला हा सारस्वत सावकार महादेवाचे देऊळ उभे करीत होता. मोडकळीला आलेली अथवा अर्धवट राहिलेली दोन प्रार्थनास्थळे एकाच बेटावर एकाच वेळी पुन्हा उभी राहिली. माझे आजोळ बाणगंगेच्या काठी असल्यामुळे मला हा योग लहानपणापासून ठाऊक आहे आणि चर्चविषयी बोलताना तो कोणी सांगत नाही, याचे नेहमी नवल वाटते.

नाताळच्या त्या दिवशी गव्हर्नर बून आणि त्याचे मंडळ थाटाने चर्चमध्ये आले, उपासना झाली, एका बालकाचा बाप्तिस्माही झाला. या प्रसंगाचे वर्णन करताना कॉबने लिहिले आहे की, बाहेर एतद्देशीयांची मोठी गर्दी जमली होती, तिच्यात रामाजी आपल्या सगळ्या जातबांधवांसह उपस्थित होता आणि उपासनेतील शिस्त व गांभीर्य पाहून ही मंडळी बराच वेळ बाहेर उभी होती. कॉबला यात आपल्या धर्माचा गौरव दिसला. मला मात्र त्या दृश्यात आणखी काही दिसते, आणि त्यासाठी एक महिना मागे जावे लागते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बून स्वतः आरमार घेऊन कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर चालून गेला होता आणि हात हलवत परत आला होता. आदल्या वर्षी घेरिया म्हणजे विजयदुर्गावरची मोहीमही अशीच फसली होती. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या जहाजांना आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, कोकण किनाऱ्यावरून सुखाने जाता येत नव्हते. तटाआडच्या त्या छोट्या वस्तीत प्रत्येक पराभवानंतर घरभेदी कोण, ही कुजबुज चालू असणार. अशा दिवसांत चर्चच्या उद्घाटनाला शहरातील सर्वांत मोठा हिंदू सावकार आपल्या माणसांसह येऊन उभा राहतो. ही निव्वळ जिज्ञासा नसून आपली निष्ठा सर्वांना दिसावी, हाही त्यामागचा हेतू असावा, असा माझा तर्क आहे.

तो हेतू असल्यास सफल झाला नाही. कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून रामा कामतीला पकडण्यात आले, १७२० मध्ये त्याच्यावर खटला चालला, त्याला जन्मठेप झाली आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. ज्या पत्रांच्या आधारे हे घडले ती बनावट होती, हे पुढे उजेडात आले, पण तोवर फार उशीर झाला होता. तो १७२८ मध्ये कैदेतच वारला. खटल्याच्या वेळी गव्हर्नर बूनच होता, जो त्या नाताळला चर्चच्या आत, मानाच्या जागी बसला होता.

एक सुधारणाही सुचवतो. काही लेखांत रामा कामती हा ‘आंग्र्यांचा मुंबईतील हेर’ म्हणून अभिमानाने रंगवला जातो. त्यामागील भावना समजते, परंतु पत्रे खोटी होती हे मान्य केले तर हा अभिमान कंपनीच्या खोट्या आरोपालाच खरे ठरवतो. तो कंपनीचा माणूस होता आणि कंपनीनेच त्याला बुडवले.

खडकीकर यांचे उत्तर

दाराबाहेरच्या माणसाविषयी वाचून आत भिंतीवर असलेल्या माणसांविषयी लिहावेसे वाटले. या चर्चमधील स्मारके सावकाश वाचली, तर मराठी राज्याच्या अखेरच्या वीस वर्षांचा एक पट त्यांत सापडतो. मात्र तो दुसऱ्या बाजूने लिहिलेला आहे.

त्यांत कर्नल बर याचे स्मारक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत कंपनीच्या फौजेचे नेतृत्व याच्याकडे होते आणि समोर बापू गोखल्यांच्या हाताखाली पेशव्यांचे सैन्य होते. रेसिडेंट म्हणजे पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरील आपला बंगला सोडून नदीपलीकडे फौजेत जाऊन मिळाला आणि मागे मराठ्यांनी तो बंगला जाळला. त्या दिवशी मराठ्यांकडील मोरो दीक्षित पडले. बापू गोखले पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या रणात कामास आले. मी ज्या भागात राहतो त्याचे नाव मुंबईच्या एका चर्चच्या भिंतीशी जोडलेले पाहून पहिल्या भेटीत मी जो थबकलो, तो बराच वेळ तेथून हललो नाही.

त्याहून मोठे आणि कलेच्या दृष्टीने अधिक सरस स्मारक गव्हर्नर जोनाथन डंकन याचे आहे. १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, तो मुंबईचा गव्हर्नर होता. शिल्प धाकट्या जॉन बेकनचे असून बनारस आणि काठियावाड येथील बालहत्येची चाल बंद करण्याच्या त्याच्या प्रयत्नांचा त्यात गौरव आहे. हे कार्य खरे आणि मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि याच डंकनच्या कारकिर्दीत, होळकरांनी पुणे घेतल्यावर पळालेला दुसरा बाजीराव कोकणातून वसईस आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह करून त्याने राज्याची सूत्रे कंपनीच्या हाती दिली. मुंबईच्या गव्हर्नराच्या दृष्टीने त्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी राजकीय घटना हीच असेल. शिल्पकाराने विषय मात्र दुसरा निवडला, आणि योग्य निवडला असे मला वाटते.

बाकी अनेक फलक आहेत. १८०८ मध्ये सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच युद्धनौकेशी लढताना पडलेला कॅप्टन हार्डिंग, अफगाणिस्तानातील हेरातच्या बचावात नाव मिळवलेला मेजर एल्ड्रेड पॉटिंजर, आणि स्वतः बिशप कार यांची पहुडलेली मूर्ती. पुष्कळसे फलक विशीतिशीत ज्वराने गेलेल्या तरुणांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे आहेत. ‘जुने_कागद’ यांनी सांगितलेली दोन पावसाळ्यांची म्हण तेथे पटते.

मंडळीचा_सभासद यांचे उत्तर

मी मराठी ख्रिस्ती आहे आणि या धर्मप्रांतातील एका मंडळीत आमचे कुटुंब तीन पिढ्या आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात, कारण शाळेच्या प्रकल्पांत या चुका हमखास होतात.

पहिली अशी की, सेंट थॉमस हे कॅथलिक चर्च नाही. ते मूळचे अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हापासून हे कॅथेड्रल त्याच्या मुंबई धर्मप्रांताचे आहे. कॅथलिकांचे कॅथेड्रल वेगळे, ते कुलाब्याचे होली नेम. कुलाब्यातच असलेले ‘अफगाण चर्च’ हेही तिसरे. ते पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधले आणि त्याचा अभिषेक १८५८ चा आहे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘मोठे चर्च’ म्हटले तर तो या तिघांपैकी कोठेही नेऊन सोडील.

दुसरी गोष्ट ‘कॅथेड्रल’ या शब्दाची. भव्य चर्चला कॅथेड्रल म्हणतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने लहान का असेना. अफगाण चर्चचा मनोरा सेंट थॉमसपेक्षा कितीतरी अधिक उठून दिसतो, तरी ते कॅथेड्रल नाही. आमच्या घरी आजी मात्र या सगळ्यांना ‘देऊळ’च म्हणत असे. रविवारी ‘देवळात जाऊन येते’ असे ती म्हणाली की, शेजाऱ्यांना कधी काही वेगळे वाटले नाही.

‘चुनाविटा’ आणि ‘जुने_कागद’ यांच्या माहितीत एका गोष्टीची भर घालतो. जुन्या मुंबईत रस्त्यांची अंतरे याच चर्चपासून मोजली जात. परळ-दादरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यांच्या कडेला रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड होते. त्यांतील काही पदपथाच्या फरशीखाली अर्धे गाडले गेले होते आणि अलीकडच्या वर्षांत ते पुन्हा वर काढण्यात आले. दगडावरचा आकडा म्हणजे सेंट थॉमसपासूनचे मैल. भाच्याला एखादा शोधून दाखवावा, त्याचा रुसवा जाईल.

आत जाताना उपासना चालू असेल तर ती संपेपर्यंत मागच्या बाकावर बसावे, स्मारकांना हात लावू नये आणि छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील सेवकांना विचारावे.

पायपीट

सर्वांचे आभार. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चर्चचे चित्र असावे, अशी शाळेची सूचना होती. भाच्याने ते काढले आहे, आणि दाराबाहेर पगडी घातलेला एक माणूसही काढला आहे. खाली नाव लिहिताना ‘कामती’तला ‘ती’ दीर्घ का, असे विचारत होता.